फरशी न फोडता गळती बंद? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "बाथरूमची फरशी फोडू नका. टाइल्सच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट खरवडून एपॉक्सी भरा, खालच्या घरात छताला वॉटरप्रूफ रंग मारा. दोन दिवसांत ओल जाते, गळती कायमची बंद." आमच्या इमारतीत नेमकं हेच केलं गेलं आणि पावसाळ्याआधीच खालच्या छताचे पोपडे पुन्हा पडले. म्हणून हे लिहितोय.

गळती सांध्यांतूनच होते, हे गृहीतकच चुकीचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा 20 ते 30 सेंटिमीटर खाली असतो. त्या खोलगट भागात नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी वाहून जायचं भांडं) आणि सांडपाण्याचे पाइप, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग फरशी. पाणी सांध्यांतून उतरेल, ट्रॅपच्या जोडातून उतरेल, सांडपाण्याच्या पाइपमधून किंवा भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपमधूनही. सांधे भरून यातली एकच वाट बंद होते.

कोणती वाट, ते शोधता येतं. खाली रात्रंदिवस एकसारखं टपकत असेल, तर आधी नळाच्या पाइपवर संशय घ्या. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा बघा. सरकत राहिला तर पाणी कुठेतरी जातंय. आंघोळीनंतरच टपकणं वाढत असेल, तर फरशी, ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. खालच्यांना सांगून ट्रॅपचं तोंड गच्च बंद करा आणि फरशीवर दोन बोटं पाणी 24 ते 48 तास साठवून ठेवा. आमच्या वरच्या काकूंकडे असं साठवलं, तेव्हा खाली काहीच झालं नाही. बोळा काढून पाणी सोडलं आणि थोड्याच वेळात छत टपकायला लागलं. दोष ट्रॅपच्या जोडात होता. एपॉक्सीचा खर्च वाया गेला होता.

"दोन दिवसांत ओल जाते" यावरही विसंबू नका. कोबा स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. गळती खरोखर थांबली तरी खाली कित्येक दिवस झिरपत राहतं. वरून सगळं गच्च बंद केलं की ते पाणी खाली जातं, नाहीतर आडवं शेजारच्या खोलीच्या भिंतीत. बेडरूमच्या स्कर्टिंगवर रंग फुगलाय, पांढरा क्षार आलाय, फरशीवर ठोकल्यावर पोकळ वाजतंय, तर बाथरूमकडे बघा.

सगळ्यात घातक सल्ला छताच्या रंगाचा. रंगामुळे गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. पाणी स्लॅबमध्येच अडकतं. सळ्यांवर काँक्रीटचं आवरण जेमतेम 20 मिलिमीटर. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. मग पोपडे पडतात, पुढे स्लॅबचे तुकडे, तेही झोपलेल्या माणसावर. शिवाय छतातून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. दिव्याच्या होल्डरमधून पाणी येत असेल, तर त्या भागाचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) आधी बंद करा, बाकी सगळं नंतर.

फरशी दरवेळी फोडावीच लागते असं मी म्हणत नाही. पाणी साठवल्यावर टपकलं आणि पाइप, ट्रॅप ठीक निघाले, तर आधी एपॉक्सी करून बघायला हरकत नाही. पण ट्रॅपच गळत असेल तर निदान तेवढा भाग उघडावाच लागतो. पूर्ण फोडणार असाल, तर कोबा काढून स्लॅब साफ आणि कोरडा होऊ द्या. कोपऱ्यांत गोलाई काढा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवा आणि फरशी बसवण्याआधीच पुन्हा पाणी साठवून बघा. गवंडी घाई करेल. खालचं छत स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय त्याला पहिली टाइल लावू देऊ नका.