भोकांचा भाव

माझ्या संग्रहातल्या रिळांना मासा फारसा माहीत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेत राहून ‘मी फिशिंगची जुनी रिळं जमवतो’ म्हटलं की समोरचा माणूस दोन्ही हात फाकवून विचारतो, ‘सगळ्यात मोठा केवढा धरलास?’ आईला फोनवर हेच सांगितलं तर तिचा प्रश्न असतो, ‘अरे, मग साफ कोण करतं?’ दोघांना खरं उत्तर दिलं की दोघंही सारखीच गप्प होतात, आणि मग विषय हवामानावर जातो.

खरं उत्तर असं आहे की टूर्नामेंट कास्टिंग नावाचा एक खेळ आहे आणि त्यात गळ नसतो, आमिष नसतं, मासा नसतो. काठी असते, तिच्यावर दोरा गुंडाळायचं रीळ असतं आणि दोऱ्याच्या टोकाला ‘प्लग’ नावाचं ५/८ औंसाचं, म्हणजे जेमतेम १८ ग्रॅमचं वजन असतं. समोर ३० इंच व्यासाची कडी मांडलेली असतात. प्लग कड्यात पडला तर वाहवा, बाहेर पडला तर जितके फूट लांब तितके गुण कापले जातात. लांब फेकण्याच्या स्पर्धेत तर कडंही नसतं, नुसती हिरवळ आणि मोजपट्टी. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कास्टिंगची स्पर्धा भरली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीस या खेळासाठी खास तळी बांधली, ती आजही आहेत. तिथे लोक काठ्या घेऊन जातात ते मासा धरायला नव्हे, नेम धरायला.

आमचे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हा मी त्यांना मागच्या अंगणात हे सगळं करून दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं.

‘जावईबापू, म्हणजे हे फेकायचं आणि परत गुंडाळायचं?’

‘हो.’

‘आणि मग?’

‘मग परत फेकायचं.’

त्यांनी बराच विचार केला. ‘बरं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय का?’

या खेळातला माणसाचा खरा वैरी म्हणजे स्पूल, म्हणजे रिळातली ती फिरकी, जिच्यावर दोरा गुंडाळलेला असतो. भिरकावलेला प्लग दोरा ओढतो आणि दोरा स्पूलला फिरवतो. स्पूल जड असेल तर ते आधी हलायलाच राजी नसतं आणि एकदा फिरू लागलं की थांबायला राजी नसतं. पुढे प्लग हवेत मंदावतो, पण स्पूल आपल्याच तंद्रीत गरगरत राहतं. सुटलेल्या दोऱ्याला बाहेर जायला वाव नसतो, म्हणून तो जागच्या जागी फुगून बसतो. याला बॅकलॅश म्हणतात. हा गुंता नखांनी सोडवत असताना, एरवी दर रविवारी चर्चला जाणाऱ्या सज्जनांच्या तोंडून मी जे ऐकलंय ते इथे लिहिता येणार नाही. गुंता टाळायला अंगठा असतो. फिरत्या स्पूलवर तो इतका हलका टेकवायचा की प्लग अडू नये आणि इतका घट्ट की दोरा फुगू नये. या दोन टोकांमधली जागा ज्याला सापडली तो चँपियन. बाकीच्यांना बँडेज सापडतं.

आता वजन अक्षापासून जितकं लांब, तितकं ते फिरवायला आणि थांबवायला जास्त छळतं. हे कळल्यावर, ज्याच्याकडे तळघर, ड्रिल आणि थोडा रिकामा वेळ होता अशा प्रत्येक कास्टरनं आपल्या रिळावर हत्यार चालवलं. स्पूलच्या कडांना ओळीनं भोकं पाडली. मध्ये जुन्या दोऱ्याचा भरणा असायचा, तो काढून तिथे बुचाचा हलका गाभा बसवला. दोरा सारखा गुंडाळला जावा म्हणून स्पूलसमोर डावी-उजवीकडे सरकणारी लेव्हल वाइंडची यंत्रणा असते. फेकताना ती नाहक जोर खाते, म्हणून ती उचकटून टाकली. बऱ्याच जुन्या रिळांत फेकतानाही हँडल जोडलेलंच राहतं आणि उलटं गरगरतं. त्याच्या तडाख्यानं बोटांची सालं निघतात. ते हलकं करायला कुणी हँडलला भोकं पाडली, कुणी एका बाजूची मूठच कापून तिथे वजनाचा बारका तुकडा लावला. दुसरे महायुद्ध संपल्यावर स्वीडनच्या स्वँग्स्टा गावातून आबू कंपनीची रिळं अमेरिकेत आली, तीही या मंडळींच्या तावडीतून सुटली नाहीत.

ही उचकटलेली, पोखरलेली, एका मुठीची रिळं मी जमवतो. इतर संग्राहकांच्या दृष्टीनं तो शुद्ध कचरा. त्यांना हवं असतं ते डबा, कागद आणि मूळ स्क्रूसकट जसंच्या तसं रीळ. जुन्या सामानाच्या प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी आलेला प्रतिष्ठित संग्राहक आधी पाहतो, मग दुःखी होतो, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘बिचारं. कुणी केलं हे?’ मी म्हणतो, ‘तेच तर शोधतोय.’ त्याला वाटतं, मला पोलिसात तक्रार करायची आहे.

माझी खरेदीची पद्धतही उलटी आहे. बाकीचे ऑनलाइन लिलावांत ‘उत्तम स्थिती’ शोधतात, मी ‘भाग गायब’, ‘भोकं आहेत’, ‘फक्त सुट्या भागांसाठी’ शोधतो. विक्रेत्यानं जितका गळा काढला असेल, तितकी माझी छाती धडधडते. ‘कुण्या मूर्खानं स्पूलची चाळण केली आहे, माफ करा’ हे वाक्य वाचून मी रात्री बारा वाजता उठून बसलो आहे. बायको म्हणते, लोक नवऱ्याच्या फोनमध्ये भलतंच काही सापडेल म्हणून घाबरतात, माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये निव्वळ मोडकं सामान. अलीकडेच वाण्याकडून आणलेल्या सामानाच्या पिशवीजवळ तिला एक सुटं स्पूल दिसलं आणि तिनं पुरणयंत्राची ताटली समजून ते धुवायला टाकलं. बुचाचा गाभा फुगला. मी काही बोललो नाही. नुसता उभा राहिलो, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

माझी अडचण अशी की भोक हे भोकच असतं. ते कुणी पाडलं हे त्यावर लिहिलेलं नसतं. एकच रीळ एखाद्या राष्ट्रीय विजेत्याचं असू शकतं किंवा शनिवारी दुपारी कंटाळलेल्या एखाद्या गृहस्थाचं. दोघांनीही ड्रिल वापरलं, दोघांनीही माल वाया घालवला, फरक एवढाच की एकानं पुढे सुवर्णपदक मिळवलं असेल. रिळाच्या पायावर, म्हणजे काठीला बसणाऱ्या पट्टीवर, सुईनं ओरखडलेली दोन आद्याक्षरं दिसली की मी जुन्या स्पर्धांचे निकाल घेऊन बसतो. त्या आद्याक्षरांचे लोक तिथे हमखास सापडतात, आणि नेहमीच एकापेक्षा जास्त.

या बाबतीत सासरे माझे तारणहार निघाले. त्यांनी उभी हयात टूलरूममध्ये काढलेली. खेळ त्यांना पटला नव्हता, पण भोकं त्यांना बघवत होती. भिंग मागून घेऊन त्यांनी एक स्पूल खिडकीच्या उजेडात धरलं, आणि मग मला बोलावलं.

‘हे बघा. प्रत्येक भोकाला चॅम्फर मारलाय, म्हणजे धार तिरकी घासून काढलीय. आतूनसुद्धा. बोट फिरवा, कुठे लागतं का?’

लागत नव्हतं. दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं होतं, समोरासमोरच्या कडांवरची भोकं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. आरपार पाहिलं तर खिडकीबाहेरचं झाड ठिपक्याठिपक्यांनी दिसायचं.

‘हा माणूस शहाणा होता,’ सासरे म्हणाले. ‘आणि हा?’ त्यांनी दुसरं उचललं. ‘याचं ड्रिल घसरलंय, ही रेघ बघा. तीन भोकं मोठी, बाकीची बारीक. स्पूल फिरवलं की डुगडुगत असणार.’

फिरवलं. डुगडुगलं. तेव्हापासून आमच्या घरी रिळांचे दोन गट झाले, शहाण्यांचे आणि बाकीचे. बाकीचे संख्येनं अर्थातच जास्त आहेत.

अशा वेळी मला बी. एफ. मीक अँड सन्सचं नंबर ३ सापडलं. यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, पण थोडाच. दोरा भरभर गुंडाळणारं, दातेरी चाकांचं रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं बनवलं. पुढे केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी हे काम उचललं आणि बेंजामिन मीकनं नंतर लुईव्हिलला मुलांबरोबर कंपनी काढली. ही रिळं घड्याळजीच्या हातानं घडलेली. हँडल एकदा फिरवलं की स्पूल चार वेळा फिरतं, तेही अशा आवाजात की कान लावल्याशिवाय ऐकू येऊ नये. एकेक स्क्रू त्याच्या भोकाशी जुळवून घासलेला आणि त्यावर बारीक खूण, म्हणजे खोलून परत बसवताना ज्याचा तो ज्याच्या जागी जावा. असं रीळ धडधाकट असेल तर त्याचे शेकडो डॉलर पडतात. हे धडधाकट नव्हतं. फोटोत स्पूलच्या दोन्ही कडांना भोकांची माळ, हँडलची एक मूठ कापलेली, आणि खाली विक्रेत्याची कबुली, ‘खराब केलेलं आहे. परत घेणार नाही.’

परत कोण देणार होतं! पैसे पाठवले, आणि भिंग पुसून वाट पाहत बसलो. पार्सल काही येईना. मी विचारलं तर विक्रेत्याचं उत्तर आलं. निवृत्त गृहस्थ, अत्यंत प्रेमळ. ‘काळजी करू नका. तुम्ही इतक्या विश्वासानं घेतलंत, म्हणून तुमच्यासाठी एक सरप्राइज तयार करतोय.’

पोटात गोळा आला.

पेटी उघडली तर रीळ आरशासारखं चकाकत होतं. शंभराहून जास्त वर्षांचा रंग त्यांनी पॉलिशनं घासून काढला होता. गायब मुठीच्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी रिळाची नवी मूठ बसवली होती. आणि भोकं? भोकं नव्हतीच. एकूण एक भोक झाळून, घासून, सपाट केलं होतं. सगळं खोलताना स्क्रूंची खिचडी झालेली, एकही आपल्या खुणेवर नाही. सोबत चिठ्ठी, ‘आता नव्यासारखं आहे. जास्तीचे पैसे नकोत.’

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ते अशा वेळी. रागवायचं तरी कुणावर? माणसानं स्वतःच्या खर्चानं, आठवडाभर मान मोडून, माझ्या मालाचा इतिहास पुसून टाकला होता आणि तो माझ्या धन्यवादाची वाट पाहत होता. मी लिहिलं, ‘फार छान.’ मग तीन ओळी सोडून, शक्य तितक्या गोड शब्दांत, मला भोकंच हवी होती हे समजावलं. टूर्नामेंट कास्टर, स्पूलचं वजन, अंगठा, सगळं.

भोकांत भरलेलं झाळण काढायला मी एका घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं रीळ उलटंसुलटं करून पाहिलं. ‘यात काय बिघडलंय?’

‘भोकं बुजलीत. ती उघडून द्या.’

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि त्यानं पैसे आगाऊ मागितले. स्क्रू मात्र मी आणि सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर रात्री बसून खुणा जुळवत परत लावले. शेवटचा स्क्रू जागेवर बसला तेव्हा सासऱ्यांनी जी ‘हं’ केली, ती त्यांनी आमच्या लग्नातही केली नव्हती. उघडलेल्या भोकांना चॅम्फर होता. शहाण्यांचा गट एकानं वाढला. कुणाचं ते मात्र कळलं नाही. पायावर आद्याक्षरं असतीलही, पॉलिशनं तीही नेली.

प्रेमळ विक्रेत्यानं दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं, ‘वा! हे मला माहीतच नव्हतं. भोकांना किंमत असते, हे सांगितल्याबद्दल आभार.’

मी तो निरोप वाचून विसरून गेलो. पंधरा दिवसांनी त्यांच्याच नावावर एक नवी जाहिरात दिसली. साधं, गल्लोगल्ली मिळणारं रीळ, किंमत नेहमीच्या चौपट, वर ठळक अक्षरांत ‘दुर्मीळ! टूर्नामेंट मॉडेल! स्पूलला भोकं!’ फोटो मोठा करून पाहिला. भोकं इतकी लखलखीत की त्यांत मला तळघरातला बल्ब दिसला. शेजारी टेबलावर धातूचा ताजा कीस.

मी विचारलं, ‘ही भोकं कुणी पाडली?’

लगेच उत्तर आलं, ‘मीच. तुमच्यासारखे आणखी लोक असतीलच. तुम्हाला किती भोकांचं हवंय, तेवढं कळवा.’

सासरे माझ्या खांद्यावरून वाचत होते. ‘ऑर्डर द्यायची तर द्या,’ ते म्हणाले, ‘पण आधी त्यांना चॅम्फर मारायला सांगा.’