एजंटची खरी परीक्षा फ्लॅट दाखवल्यानंतर

'एजंट फक्त फ्लॅट दाखवतो आणि टक्केवारी घेतो' हे घर-खरेदीच्या एजंटांवरच्या एका लेखातलं वाक्य मलाही २०२३ पर्यंत पटलं असतं. त्या वर्षी आम्ही कोथरूडला रिसेल फ्लॅट घेतला. मालक दोघे भाऊ, त्यातला धाकटा दुबईत.

आमच्या एजंटने टोकन, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधीच विचारलं, "धाकट्यांचा एनआरआय स्टेटस आहे का?" आम्ही सरसकट १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने कापायचा कर) धरून बसलो होतो. तो नियम निवासी विक्रेत्याचा. अनिवासी असेल तर दर कितीतरी जास्त, आणि त्यासाठी खरेदीदाराला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागत होता. हे नोंदणीनंतर कळलं असतं तर नोटीस आमच्या नावाने आली असती. दुबईहून आलेल्या कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर) वकिलातीचा शिक्का होता, पण ते इथे पोचल्यावर ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरून मुद्रांकित करावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या वकिलांच्या नजरेतून ते सुटलं होतं, असो!

बाकी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुना इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), विक्रेत्याच्या बँकेकडून कर्जफेडीचं पत्र, सगळ्यांच्या मागे तो लागला. बँकेने तीन आठवडे झुलवलं, तेव्हा रोज फोन त्याचे, आमचे नाहीत. नोंदणीच्या दिवशी साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या जादा झेरॉक्सही त्याच्याच पिशवीत.

दलाली द्यायच्या आधी त्याचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मात्र जरूर मागा. आमच्या आधीच्या एजंटने तो विचारताच फोन उचलणं बंद केलं.