‘हळदीकुंकवातून थेट महापालिकेत’ म्हणणाऱ्यांसाठी

महापालिका निवडणुकीचं 15 जानेवारी 2026 चं मतदान जाहीर झाल्यापासून नागपुरात एक मेसेज फिरून राहिला आहे. शीर्षक ‘महापालिकेत बाया की बाहुल्या?’ सहा मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट, खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी वाचून सोडून दिला. मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला. त्याच ग्रुपवर माझी वहिनी आहे. आदल्याच आठवड्यात तिनं पक्षाकडे इच्छुक म्हणून अर्ज दिला होता आणि ते काकांना चांगलं ठाऊक होतं. खाली मोठ्या माणसांचे अंगठ्यावर अंगठे. वहिनीनं काहीच लिहिलं नाही. दादाला एवढंच म्हणाली, ‘जाऊ द्या नं, कशाले वाद.’

वाद मी घालते.

‘निवडून बाई येते, कारभार नवरा पाहतो.’ हा त्यांचा पहिला मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं, पण करते. बॅनरवर ताईंच्या फोटोपेक्षा भाऊंचा फोटो मोठा असतो, फोन भाऊच उचलतात, हे आपण सगळेच पाहतो. गावाकडे ‘सरपंचपती’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2023 मध्ये हा विषय थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली. मात्र त्या समितीनं बायांना घरी पाठवा असं म्हटलं नाही, कारभारात घुसणाऱ्या नवऱ्यांना जबर दंड करा असं सुचवलं. खुर्ची बळकावली भाऊंनी आणि शिक्षा ताईंना, हा न्याय फक्त व्हॉट्सअॅपवर चालतो. आणि पुरुष नगरसेवकाच्या मागे बसून कोण सूत्रं हलवतं, ठेकेदार की आमदार, यावर लाल बोटवाला मेसेज मी अजून पाहिलेला नाही.

बाया नुसत्या सहीच्या धनी असत्या तर काय झालं असतं, ते पाहू. राखीव जागा खुली झाल्याबरोबर त्या गायब झाल्या असत्या, कारण भाऊ स्वतःच उभे राहिले असते. हे तपासलं गेलं आहे, तेही आपल्याच राज्यात. रिखिल भवनानी नावाच्या अभ्यासकानं मुंबई महापालिकेचे वॉर्ड घेतले. 1997 मध्ये काही वॉर्ड बायांसाठी राखीव होते, काही नव्हते. 2002 मध्ये यातले बरेच वॉर्ड खुले झाले, म्हणजे पुरुषांना मोकळं रान. तरीही जे वॉर्ड आधी राखीव राहिले होते, तिथं बाई निवडून येण्याची शक्यता 1997 मध्ये राखीव नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली. राखीव वॉर्ड कोणी मुद्दाम निवडलेले नव्हते, त्यामुळे ‘ते वॉर्डच सुधारलेले असतील’ म्हणायलाही जागा नाही. 2009 मध्ये हा अभ्यास ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये छापून आला, ज्याला शंका असेल त्यानं काढून वाचावा. त्याचा अर्थ सरळ आहे. पाच वर्षं लोकांनी बाईचं काम पाहिलं, पक्षांनी पाहिलं की बाई जिंकू शकते, आणि पुढच्या वेळी आरक्षणाची टेकूही लागली नाही. सगळ्याच बाहुल्या असत्या तर हा आकडा निघाला नसता.

आता तो मुद्दा, जो वाचून माझं डोकं फिरलं. शब्दशः देते: ‘हळदीकुंकू, भजनी मंडळ आणि बचत गट चालवणाऱ्या बाया थेट महापालिकेत. अनुभव काय, तर पापड लाटण्याचा!’

बाप्पा! हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात बचत गटाची एक तरी बैठक पाहिली आहे का? दहा ते वीस बाया, दर महिन्याला ठरलेली बचत, त्यातूनच एकमेकींना अंतर्गत कर्ज. कोणाला किती, कशासाठी, व्याज काय, हे सगळ्यांसमोर ठरतं आणि इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये सह्यांनिशी लिहिलं जातं. एकीचा हप्ता थकला तर तिच्या घरी जाऊन, तिचा नवरा दारात शिव्या देत असताना, तिची अब्रू न घालवता वसूल करायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याच बाईसोबत पाणी भरायचं. बँकेत गटाचं खातं काढायचं, मॅनेजरनं ‘उद्या या’ म्हटलं की उद्या जायचं आणि परवाही जायचं. हा अनुभव नाही तर मग अनुभव कशाला म्हणतात? चौकात फ्लेक्स लावण्याला? भाऊंच्या वाढदिवसाला मोटरसायकल रॅली काढण्याला?

माझ्या वहिनीचंच सांगते. ती शहराच्या कडेला राहते, तिथं उन्हाळ्यात टँकर येतो. तिच्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, टँकर किती वाजता आला, गाडीचा नंबर, कोणत्या गल्लीत थांबला, किती घरांचं भरलं, कोणाचं राहिलं. शेवटच्या रकान्यात ड्रायव्हरची सही. सुरुवातीला ड्रायव्हर हसायचे, नंतर स्वतःच पेन मागायला लागले. तक्रार करायला गेली की ती तोंडी कधीच बोलत नाही. निवेदन दोन प्रतींत नेते, एक देते आणि दुसरीवर आवक नंबर व शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही. बाबू म्हणतो, ‘ठेवून जा ताई, होऊन जाईल.’ ती म्हणते, ‘शिक्का मारा नं भाऊ, मग जाते.’ त्या शिक्क्यांची अख्खी फाईल आहे तिच्याकडे. पक्षाच्या अर्जात ‘सामाजिक कार्य’ असा एक रकाना असतो. इतर इच्छुकांनी काय लिहिलं मला माहीत नाही, हिनं फाईलच जोडली.

आणि पाण्याचं काम म्हणजे बायकी काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या 265 पंचायतींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं सरपंचपद बायांसाठी राखीव होतं, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण गावातल्या बाया तक्रार पाण्याचीच करत होत्या. अभ्यास करणाऱ्यांपैकी एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पापड लाटून नाही मिळालं.

‘नागपूरच्या मातीत हे नव्हतंच, वरून लादलं’ हा चौथा मुद्दा. काका, तुम्ही तर इथंच जन्मलात, तुम्हाला तरी हे शोभत नाही. अनसूयाबाई काळे महिला परिषदेचं काम करत राजकारणात आल्या. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी प्रांतिक कौन्सिलची जागा सोडली, 1937 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या. 1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनानंतर आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांना वाचवण्यासाठी धडपडल्या. आणि 1952 ला पहिली लोकसभा आली तेव्हा नागपूरनं खासदार म्हणून त्यांनाच पाठवलं, 1957 ला पुन्हा. लोकसभेत त्यांच्यासाठी कोणतीही राखीव जागा नव्हती. जाईबाई चौधरींनी 1922 मध्ये इथं मुलींची शाळा काढली, त्याआधी त्यांनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली होती. 20 जुलै 1942 ला याच शहरात दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, डॉ. आंबेडकर समोर, आणि हजारोंच्या संख्येनं बाया. त्या हळदीकुंकवाला जमल्या नव्हत्या. घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी, कामगार बायांना रजा, असे ठराव त्यांनी पास केले. माती म्हणता ती हीच.

बाकी दोन मुद्दे पटकन उरकते, ते त्याच लायकीचे आहेत.

‘बायांमुळे लायक पुरुष घरी बसले आणि बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिलं होतं.’ महापालिकेत 151 जागा, बायांसाठी 76. उरलेल्या 75 वर लायक पुरुषांनी जरूर लायकी दाखवावी, कोणी अडवलं? चार जणांच्या प्रभागात दोन जागा तुम्हालाही खुल्या आहेत. आणि दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम 334 मध्ये होती, ती लोकसभा-विधानसभेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या जागांसाठी. महापालिकेतल्या बायांच्या जागा 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतून घटनेत आल्या, आणि एकतृतीयांशच्या अर्ध्या झाल्या त्या 2011 मध्ये, राज्याच्या कायद्यानं. दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करून फॉरवर्ड करायचं.

‘नगरसेवक असले काय, नसले काय, सारखंच.’ मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली, माणसं गेली. त्या रात्री ‘आमच्या प्रभागाचे’ म्हणून हक्कानं उठवावं असा एकही नगरसेवक या शहरात पदावर नव्हता, ना बाई ना पुरुष. अंबाझरी लेआउटमधल्या कोणालाही विचारा, सारखंच होतं का.

आता सहावा. तो मी सगळ्यात शेवटी ठेवला, कारण वहिनी गप्प बसली ती यामुळे. ‘वस्तीत फिरणाऱ्या बाईला तिकीट मिळतं ते कसं मिळतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ पुढे डोळा मारणारा इमोजी.

हा मुद्दा खोडता येत नाही, कारण त्यात मुद्दाच नाही. नाव नाही, घटना नाही, प्रभाग नाही. पण तोच मेसेजमधला सगळ्यात कामाचा भाग आहे. बाकीचे पाच मुद्दे नुसतं वरचं वेष्टन आहे, खरा माल हा आहे. बाई रात्री अकराला टँकरसाठी फोनवर बोलली की संशय, पुरुष बोलला की ‘चोवीस तास जनसेवेत’. बाई आमदाराच्या ऑफिसमध्ये तासभर बसली की कुजबुज, पुरुष बसला की ‘भाऊंचा खास माणूस’. तिकीट कसं मिळतं ते सांगते. अर्ज, मग मुलाखत, मग वरच्या लोकांची खलबतं, मग सर्व्हे, जातीचं गणित, पैशाचं गणित, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हातात पडला तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी. या सगळ्यात माझ्या वहिनीकडे काय आहे? टँकरची वही आणि शिक्क्यांची फाईल. पैसा नाही, आडनाव मोठं नाही, बहुतेक तिकीट मिळणारही नाही. पण ते या इमोजीच्या भीतीनं सुटू नये. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या बायकोकडून हप्ता वसूल करणारी बाई, आणि तिला घरच्याच माणसांच्या एका इमोजीनं हटवायचं?

काका, अंगठा दाखवणं सोपं आहे. तुमच्या प्रभागातल्या मागच्या नगरसेविकेनं पाच वर्षांत काय केलं हे खरोखर जाणून घ्यायचं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. सभेची इतिवृत्तं मागा, तिनं किती प्रश्न विचारले ते पाहा, आणि सोबत शेजारच्या पुरुष नगरसेवकाचीही मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तो मी आणून देते.