कोपा झाला, पण एक्सेलचं काय?
‘वर्षभराचा कोपा ट्रेड केला की पोरगं ऑफिसच्या कामाला तयार’ हे आयटीआयच्या कोपा या संगणक अभ्यासक्रमावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. टायपिंग सरावानं येतं. लातूर असो की नांदेड, अडतं ते एक्सेलमध्ये. सोळा आकडी बँक खातं साध्या सेलमध्ये टाकलं की शेवटचा आकडा शून्य होतो, आणि नंतर फॉरमॅट बदलला तरी तो परत येत नाही. सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. आधी कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करायचा, मगच आकडे भरायचे.

मराठीचंही तसंच. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधलं पत्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पहिल्या दिवसापासून युनिकोडच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरही मराठीच दिसणारं टायपिंग, शिकवा. आणि प्रात्यक्षिकाला दोनशे नोंदींची यादी द्या हो, पाच ओळींची नको!