आधी बोरी झोडपा, मग बोरं मोजा

मिसळीचं दुकान काढू नका. पहाटे उठून कट करावा लागतो आणि एखाद्या दिवशी तो जमला नाही तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. क्लासही काढू नका, निकाल सगळ्या गावाला कळतो. धंदा असा हवा की माल दिसू नये, निकाल कुणाला मोजता येऊ नये, आणि गिऱ्हाईकानं जाताना तुमचेच आभार मानावेत. असा एक धंदा आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या अंगातले जड धातू शोधून द्यायचे.

भांडवल फारसं लागत नाही. एक गाळा, एक पांढरा कोट, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र आणि पाटीवर ‘बायोमेडिकल’ हा शब्द. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

आधी गिऱ्हाईक ओळखायला शिका. मूल तीन वर्षांचं आहे. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही, पण दोन खोल्या पलीकडे कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं तर धावत येतं. गाड्यांची चाकं फिरवत तासभर बसतं. बालरोगतज्ज्ञांनी ‘ऑटिझम’ म्हटलं, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली, आणि ‘कधी बरा होईल?’ या प्रश्नाला ‘तसं नाही सांगता येत’ असं खरं उत्तर दिलं. खरं उत्तर ऐकून बाहेर पडलेला माणूस हाच तुमचा माणूस.

घरी तोवर खटला सुरू झालेला असतो आणि आरोपी एकच असते, आई. गरोदरपणात नोकरी सोडली नाही, मुलाला मोबाइल दाखवला, डब्याचं दूध दिलं, त्याच्याशी बोललीच नाही. सासूबाई, मावससासूबाई, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांच्या साक्षी झालेल्या असतात. अशा वेळी तुम्ही दुसरा आरोपी हजर करायचा. पारा! शिसं! आई पहिल्यांदाच खुर्चीत नीट मागे टेकून बसेल. तुम्ही विकायचं ते हे टेकून बसणं. तपासणी हे त्याचं वेष्टण. (यात फसणाऱ्या आईबापांना जो हसतो, त्याच्या घरात तीन वर्षांचं न बोलणारं मूल नसतं.)

पारा अंगात आला कुठून, यासाठी लशीकडे बोट दाखवा. थायमेरोसल नावाचं पाऱ्याचं एक संयुग काही लशींत जंतू वाढू नयेत म्हणून घालत, एवढं खरं आहे, आणि एवढं पुरतं. पुढचं बोलू नका. अमेरिकेत १९९९ मध्ये निव्वळ सावधगिरी म्हणून ते काढायचं ठरलं, २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लशींतून ते गेलं, फ्लूच्या काही लशी तेवढ्या राहिल्या, आणि त्यानंतरही तिथलं ऑटिझमचं निदान वाढतच गेलं. डेन्मार्कनं तर १९९२ मध्येच ते बंद केलं होतं. तिथेही तेच. कुणी गोवराच्या एमएमआर लशीचं नाव काढलं तर मान डोलवा. एमएमआरमध्ये थायमेरोसल कधीच नव्हतं, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे आणि ते घातलं तर लसच मरेल. त्या लशीवर संशय घेणारा १९९८ चा १२ मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. पण दोन वेगवेगळ्या अफवा एकत्र कालवल्या की त्याला सिद्धान्ताचा रंग चढतो.

आता तपासण्या. सुरुवात केसांपासून करा. सुई नाही, रक्त नाही, मूल रडत नाही. मानेवरचे चमचाभर केस कापायचे, पाकिटात घालायचे, कुरियरनं परदेशी पाठवायचे. ‘सँपल अमेरिकेला गेलंय’ हे वाक्य बाप ऑफिसात चार लोकांना सांगेल, जाहिरात फुकट. २००१ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी आगाऊपणा केला होता. एकाच धडधाकट माणसाच्या केसांचे वाटे करून ते सहा व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवले. डोकं एक, अहवाल सहा तऱ्हांचे, आणि आहाराचे सल्ले एकमेकांना छेद देणारे. तुम्ही यातून धंद्याचा धडा घ्या. नमुना एकाच प्रयोगशाळेत पाठवावा.

केस ही मात्र चटणी झाली. पानातलं मुख्य पक्वान्न आहे लघवीची ‘चॅलेंज टेस्ट’.

माझी आजी बोरं मोजून वाटायची. झाडाखाली सकाळी आपोआप पडलेली असत ती ओंजळभर. कुणी वात्रट पोरानं काठीनं झाड झोडपलं की सडा पडे. त्या सड्याकडे बघून ‘या बोरीला रोग झालाय, शेजारच्या बोरीखाली बघा, ओंजळभरच आहेत’ असं म्हणायचं आजीला सुचलं नाही. सुचलं असतं तर आमचा आज एखाद्या चांगल्या वस्तीत बंगला असता.

चॅलेंज टेस्ट म्हणजे हेच. डीएमएसए, डीएमपीएस किंवा ईडीटीए यांपैकी एक औषध मुलाला आधी द्यायचं. ही औषधं धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढतात. याला कीलेशन म्हणतात, ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून. औषध दिल्यावर काही तासांची लघवी गोळा करायची आणि तिच्यातलं शिसं-पारा ताडून बघायचा तो औषध न घेतलेल्या लोकांच्या लघवीशी. झोडपलेल्या बोरीची तुलना न झोडपलेल्या बोरीशी. काही प्रयोगशाळा तर अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापतातही, की संदर्भासाठी घेतलेले आकडे औषध न घेतलेल्यांचे आहेत. तिथे तुमचा रबरी शिक्का मारा.

यात अपयश येतच नाही. शिसं थोडंफार प्रत्येकाच्या अंगात असतं, हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. त्याआधी ज्यांनी रस्त्यावरचा धूर खाल्ला, त्या आजोबांच्या हाडांत जुन्या स्कूटरी अजून फिरत असतील. पोस्टमनला औषध द्या, तहसीलदारांना द्या, धातू निघणारच. तरी कमी पडलाच, तर लहान मुलाचं शरीर मदतीला येतं. लघवीतला धातू क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणात मांडतात आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. चिमुरड्याला स्नायू ते केवढे! भागाकारात खालचा आकडा लहान, म्हणून उत्तर मोठं. शिवाय तपासणी सोमवारी ठेवा. रविवारी घरात मासळी झालेली असते. समुद्रातल्या मासळीत आर्सेनिकचं एक निरुपद्रवी संयुग असतं, ते जसं येतं तसं लघवीतून निघून जातं, पण अहवालात ‘एकूण आर्सेनिक’ म्हणून लाल पट्टी उभी करून जातं. मालवणी कुटुंब असेल तर सोन्याहून पिवळं.

अहवाल रंगीतच हवा. हिरवा, पिवळा, लाल. आकडे कुणी वाचत नाही, लाल पट्टी सगळे वाचतात.

एखादा बाप इंजिनिअर निघेल आणि रात्री बारा वाजता मोबाइलवर शोधाशोध करेल. त्याला काय काय सापडू शकतं ते तुम्हाला ठाऊक असावं. अमेरिकेत विषांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची संघटना आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी. तिनं २००९ मध्येच सांगितलं, की औषध देऊन केलेल्या या लघवी तपासणीला शास्त्रीय आधार नाही, तिचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि ती अपायकारक ठरू शकते. २००७ मध्ये हीच तपासणी स्वमग्न मुलांवर आणि इतर मुलांवर सारख्याच पद्धतीनं, म्हणजे दोन्ही बोरी झोडपून, करून पाहिली गेली. अभ्यास छोटा होता, पण स्वमग्न मुलांच्या अंगात जास्त धातू असल्याचा पुरावा निघाला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं स्वमग्न मुलांवर डीएमएसएची चाचणी घ्यायचं ठरवलं होतं, २००८ मध्ये ते सोडून दिलं. कारण उंदीर. अंगात शिसं नसलेल्या उंदरांना हे औषध दिलं तर त्यांची शिकण्याची क्षमता आणि भावनांवरचा ताबा बिघडला होता. २०१० च्या ऑक्टोबरात तिथल्या औषध प्रशासनानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कीलेशन उत्पादनं विकणाऱ्या आठ कंपन्यांना नोटिसा दिल्या. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं सगळं संशोधन चाळून काढलं. निकषात बसला एकच अभ्यास, आणि त्यातही ऑटिझमच्या लक्षणांवर फायदा दिसला नव्हता. इंजिनिअर बाप हे सगळं घेऊन आला तर खुर्चीत मागे रेलून म्हणा, ‘औषध कंपन्यांची लॉबी.’ तुमच्या टेबलावरचं डीएमएसए कुठल्या शेतात पिकलं, हे तो विचारणार नाही.

एक गोष्ट त्याला सापडू देऊ नका. ईडीटीएच्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात आणि नावं जुळ्या भावांसारखी. एक कॅल्शियम डायसोडियम, शिशाची खरीखुरी विषबाधा झाली तर रुग्णालयात वापरतात ती. दुसरी नुसती डायसोडियम. ही रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेते, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा ठोका पडत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला कीलेशन म्हणून ही दुसरी बाटली शिरेतून दिली गेली. त्याचं हृदय थांबलं. त्याच्या अंगातून काय काढायचं होतं, ते तसंच राहिलं.

हा परिच्छेद वेटिंग रूममध्ये लावू नये.

आणि एक कडक पथ्य. काहीही झालं तरी साधी, रक्तातल्या शिशाची तपासणी सांगू नका. शिरेतून रक्त काढायचं, आधी कुठलंही औषध नाही, आकडा येतो मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ही तपासणी खरी आहे, हीच तिची अडचण. काही स्वमग्न मुलं माती, भिंतीचे पोपडे, खडू, हाताला लागेल ते तोंडात घालतात. अशांना चांगला डॉक्टर ती आवर्जून सांगतो. तिचं उत्तर बहुधा ‘ठीक आहे’ असं येतं, मग तुम्ही काय काढणार? आणि ठीक नसलं तर त्याहून वाईट. अमेरिकेत २०२१ पासून साडेतीन मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की लक्ष घालतात, पण कीलेशनचा विचार करतात तो साधारण ४५ च्या पुढे. मधल्या सगळ्या मुलांचा मुख्य उपचार एकच, शिसं कुठून येतंय ते घरात शोधायचं आणि मुलाला त्यापासून दूर ठेवायचं. म्हणजे गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतःच शोध घेणार. पाटावरच्या शेंदरात बघणार, कारण जुना अस्सल शेंदूर हा शिशाचाच. दारं-खिडक्यांच्या जुन्या तैलरंगाचे पोपडे बघणार. रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे लागू झाला २०१७ मध्ये, आणि वाड्याचे दरवाजे त्याच्या पुष्कळ आधीचे. पितळी पातेल्याच्या कल्हईत भेसळ आहे का, सुरमा कुठला आहे, सुटी हळद एवढी पिवळीधमक कशी, सगळं बघणार. शिसपेन्सिल तेवढी निर्दोष सुटेल, तिच्यात शिसं नसतं, नुसतं नावात आहे.

हळदीचं तर विचारूच नका. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, रंग खुलावा म्हणून घातलेलं लेड क्रोमेट. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ पर्यंत तो आकडा शून्यावर आला. एकाही मुलाला नांगी न लावता! असे प्रकार पसरले तर आपल्यासारख्यांनी जायचं कुठे?

त्याच घरात एक डबी हमखास सापडेल, बुद्धी वाढावी म्हणून कुणीतरी आणून दिलेली भस्माची. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-भस्मांच्या शाखेत, नागभस्म शिशापासून करतात, कज्जलीत पारा असतो. अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तर पाचांतल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. त्या डबीबद्दल अवाक्षर काढू नका. सकाळी मधातून आत, संध्याकाळी कॅप्सूलनं बाहेर. असा नळ-गटार समन्वय महापालिकेलाही जमलेला नाही.

धंद्याचा विस्तार करताना एका मोहात पडू नका. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिसं पाच मायक्रोग्रॅमच्या वर आहे. जगातला आकडा सुमारे ८० कोटी, म्हणजे तिसरा हिस्सा आपल्याकडे. वाटेल, केवढी बाजारपेठ! पण यातली पुष्कळशी मुलं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात अशा वस्त्यांत राहतात. त्यांना तुमच्या गाळ्याचा पत्ता माहीत नाही, त्यांच्या आयांना पाच आकडी फी परवडत नाही, आणि त्यांच्या अंगात खरंच शिसं आहे. तुमचा माल त्यांना लागू पडण्याचा धोका संभवतो.

राहिला प्रश्न गुणाचा. त्याची चिंता सोडा, तुमचा एक बिनपगारी भागीदार आहे, मुलाचं वाढणं. स्वमग्न मूलही वाढतं, शिकतं, आपल्या गतीनं. स्पीच थेरपीच्या ताई आठवड्यातून तीन दिवस जमिनीवर बसून ‘दे’, ‘नको’, ‘आई’ घोटून घेत असतात. आई घरी तेच करते. वर्षभरानं मूल ‘पाणी दे’ म्हणतं. त्या दिवशी फोन ताईंना जाणार नाही, तुम्हाला येईल. नम्रपणे म्हणा, ‘पारा उतरतोय.’

दर तीन महिन्यांनी पुन्हा चॅलेंज टेस्ट. आकडा कमी आला तर, ‘औषध लागू पडलं, कोर्स अर्धवट सोडू नका.’ आकडा वाढला तर, ‘आता शरीर खोलवरचा धातू सोडायला लागलंय, फार चांगलं लक्षण.’ आकडा तेवढाच राहिला तर कपाळाला आठी घालून थोडा वेळ अहवालाकडे बघत राहा. काही बोलू नका. आईच विचारेल, ‘डोस वाढवायचा का?’

पुढच्या तपासणीचे पैसे त्याच दिवशी आगाऊ घ्या. पावतीवर ‘आहारविषयक सल्ला’ लिहा.