बट्टा लावायची कला

एखाद्याची किंमत उतरवायला निघालेला नवखा माणूस हमखास निंदेपासून सुरुवात करतो. चारचौघांत नावं ठेवतो, व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर फिरवतो, फारच पेटला तर पत्रकार परिषद घेतो. होतं काय, तर ज्याची किंमत उतरावी तोच चर्चेत येतो आणि त्याचा भाव वधारतो. तेव्हा तो नाद आधी सोडा. अवमूल्यन हे शांत डोक्यानं, हसतमुखानं आणि शक्यतो समोरच्याच्या गळ्यात हार घालून करायचं काम आहे.

आपल्या भाषेनं याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. 'बट्टा' हा शब्द सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मधला फरक कापून घेई, तो बट्टा. हाच बट्टा पुढे माणसांच्या नावाला लागू लागला. रुपया आणि माणूस खाली आणायची रीत एकच, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. कवडी गेली, दमडी गेली, पै गेली. अपमान करायला मात्र तिन्ही अजून चालतात. 30 जून 2011 ला सरकारनं चार आणेही बंद केले, पण म्हणीतली कोंबडी अजून तेवढ्यालाच मिळते. बारा आण्याचा मसाला अर्थातच वेगळा.

आता मूळ कृती सांगतो. ती पाठ करा, बाकी बहुतेक सगळे तिचेच अवतार आहेत. आतली चांदी हळूच काढून घ्यायची आणि वरचा छाप होता तसाच ठेवायचा. जमलं तर आणखी ठळक करायचा.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं 1544 पासून हा उद्योग मोठ्या प्रमाणावर केला. लढायांना पैसा पुरेना, म्हणून चांदीच्या नाण्यात तांबं वाढवत नेलं आणि वरून चांदीचा हात फिरवला. नाण्यावर राजाचा चेहरा अगदी समोरून. हाताळून हाताळून मुलामा आधी झिजणार कुठं? जिथं उंचवटा तिथं, म्हणजे नाकावर. प्रजेनं महाराजांना नाव पाडलं 'ओल्ड कॉपरनोज', म्हणजे आपल्या भाषेत म्हातारा तांबडनाक्या. यातून आपण एवढाच धडा घ्यायचा, की फोटो नेहमी थोडा बाजूनं काढून घ्यावा.

आपल्याकडचा नमुना याहून सरस, आणि त्यातला काही माल थेट दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेला. महंमद तुघलकानं 1329-30 च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेचे टंके काढले आणि हुकूम सोडला, की हे चांदीच्या भावानंच चालतील. त्या नाण्यांवर मजकूर होता: जो सुलतानाची आज्ञा पाळतो, तो ईश्वराची आज्ञा पाळतो. खऱ्या चांदीला असं काही लिहून घ्यावं लागत नाही, ती दगडावर आपटली की बोलते. लोकांनी आज्ञा इतकी मनापासून पाळली, की त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनीच्या म्हणण्याप्रमाणे घरोघरी टांकसाळी निघाल्या. तीनेक वर्षांत सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली. बदल्यात त्यानं खजिन्यातली चांदी मोजली आणि पितळेचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. त्याला आपण 'वेडा महंमद' म्हणून हसतो. पण दिलेली पोकळ पदवी परत मागवून त्या जागी चांदी देणारा दुसरा कुणी अजून माझ्या पाहण्यात नाही.

ते असो. सूत्र लक्षात आलं ना? धातू कमी पडला की मजकूर वाढवायचा.

हे सूत्र कुणी मनावर घेतलं असेल तर ते आपल्या सरकारी भाषेनं. पगार देणं जड जात असेल तर पदनाम द्यावं. 'मानधन' हा शब्द काय सुंदर आहे पाहा. त्यात मान आधी येतो, धन मागून, आणि पुष्कळदा दोन-तीन महिने मागून. 2000 साली महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' आले. शिक्षक म्हटलं असतं तर वेतनश्रेणी लागली असती. सेवक म्हटल्यावर सेवा हाच मेवा. पुढं बरीच वर्षं प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिना 6000 रुपये मिळत. कॉलेजात गेलात तर तिथं 'तासिका तत्त्व'. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला माणूस तासावर, मीटर टाकलेल्या रिक्षासारखा. आणि याला वर 'तत्त्व' म्हणायचं! गावातल्या आशाताई तर 'स्वयंसेविका'. स्वतःहून आल्यात म्हटल्यावर त्यांनी मागायचं काय आणि कुणाकडं? 2020 साली 22 मार्चला आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, 3 मेला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पाकळ्या उधळल्या, आणि मग सगळे 'कोरोना योद्धे' झाले. पाकळ्यांचं एक बरं असतं, त्यांना महागाई भत्ता लागू होत नाही.

पदव्यांचं म्हणाल तर तिथं चांदी काढायचीही गरज नाही, नुसती छपाई वाढवली की पुरे. जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं 11 मे 1888 ला, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात. मधे 40 वर्षं गेली. एवढा उशीर आजच्या काळात परवडणारा नाही. आज वाढदिवस जाहीर झाल्यावर पदवी ठरवायला फ्लेक्सवाल्याकडं जास्तीत जास्त दीड तास असतो. महर्षी म्हणजे धोंडो केशव कर्वे किंवा विठ्ठल रामजी शिंदे, असा एक काळ होता. मग सहकारमहर्षी आले, शिक्षणमहर्षी आले, आता महर्षीविना तालुका म्हणजे एसटी स्टँडविना गाव. सम्राटांचं तर विचारूच नका. हृदयं आहेत तेवढीच आणि हृदयसम्राट चौकाचौकांत. जर्मनीत नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. झिम्बाब्वेनं 2009 मध्ये एकावर 14 शून्यं असलेली नोट छापली. त्या नोटेकडं पाहिलं की मला आमच्या चौकातला फ्लेक्स आठवतो. मधे एक आकडा, आणि मागे ओळीनं उभे कार्यकर्ते.

दहावीच्या निकालाचंही तेच. पूर्वी फर्स्ट क्लास मिळाला की आळीत पेढे वाटत. 2025 मध्ये राज्यात 211 मुलांना 100 टक्के मिळाले, आणि 92 वाल्या मुलाची आई शेजारणीची नजर चुकवून जिना उतरली. मुलाची हुशारी होती तेवढीच राहिली. आकडा तेवढा स्वस्त झाला.

विचाराला बट्टा लावणं त्यामानानं नाजूक काम आहे, कारण विचार आपटून पाहता येत नाही. इथं विरोध अजिबात करू नका. विरोधानं विचार जगतो. त्याला स्वीकारा. त्याचा दिन ठरवा, सप्ताह ठरवा, शपथ लिहून द्या, पाठ्यपुस्तकात दोन गुणांचा प्रश्न टाका. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. म्हणजे चांदी आधी, छाप नंतर. आपण फक्त क्रम बदलायचा. आधी कीर्तन, तेही ध्वनिवर्धकावर. मग पाहुण्यांचं आगमन. मग झाडलेल्या रस्त्यावर टोपलीभर पाला आणून नीट पसरायचा, नवे कोरे खराटे वाटायचे, फोटो काढायचा. पाहुणे गेल्यावर तो पाला झाडायला नगरपालिकेचे कर्मचारी असतातच. ते रोजचेच, त्यांचा फोटो कशाला? इतकं केलंत की पुढच्या पिढीला खराटा दिसला तरी बाबा आठवणार नाहीत, कॅमेरा आठवेल.

कधी कधी मात्र सगळं एका फटक्यात उरकावं लागतं. अशा वेळी दोन पथ्यं पाळा. 'अवमूल्यन' हा शब्द तोंडातून काढू नका, आणि काम सकाळी करा. 6 जून 1966 ला डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून एकदम 7.50 रुपये झाला आणि पुढं कितीतरी दिवस आरडाओरड चालली. 1991 ला शहाणपण आलं. 1 जुलैला एक पाऊल टाकलं आणि बाजार काय म्हणतो ते पाहून 3 जुलैला दुसरं. मधे पंतप्रधान नरसिंह रावांचं मन कचरलं, दुसरं पाऊल थांबवता येतं का पाहा म्हणाले. अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला, तोवर दर जाहीर होऊन गेला होता. म्हणून सांगतो, कुणाची खुर्ची काढायची असेल तर आदेश दहाच्या आत निघावा, वरिष्ठाला दया यायच्या आधी. आणि त्याला म्हणायचं 'समायोजन'. रुपया खाली आला तेव्हाही रिझर्व्ह बँकेनं त्याला समायोजनच म्हटलं होतं, आणि पट कमी झाला म्हणून शिक्षकाला साठ किलोमीटरवरच्या शाळेत पाठवतात, त्यालाही आपल्याकडं समायोजनच म्हणतात.

आता एक प्रकार असा, की त्यात चांदी काढावी लागत नाही आणि छापही वाढवावा लागत नाही. बंगालमध्ये कंपनीच्या काळात सिक्का रुपया पाडल्यापासून पहिलं वर्ष पुऱ्या भावानं चाले. दुसऱ्या वर्षी 3 टक्के बट्टा, तिसऱ्या वर्षापासून 5. चांदी तीच, वजन तेच; फक्त छापावरचं साल गेल्या वर्षीचं. हे वाचून कुणाला आपल्या सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाची आठवण झाली तर नवल नाही. 31 तारखेला संध्याकाळी 'साहेब', 1 तारखेला सकाळी 'ते माजी'. माणसातली चांदी रात्रीतून कुणी काढलेली नसते, पण त्याच कार्यालयात पेन्शनच्या कागदासाठी त्याला बाकड्यावर बसावं लागतं. कंपनीनं यावर नामी तोड काढली. शाह आलम बादशहाच्या राजवटीचं 19 वं वर्ष धरलं आणि पुढं कित्येक वर्षं प्रत्येक नव्या रुपयावर तेच साल छापत राहिली. नाणं जुनं होण्याचा प्रश्नच मिटला. आपल्या नेत्यांनी ही युक्ती बरोबर उचलली आहे. फ्लेक्सवरचा फोटो काढून वीस वर्षं झालेली असतात, पण केस काळेभोर आणि साल 19 वं.

आणि हातात सत्ता नाही, टांकसाळ नाही, फ्लेक्सचे पैसेही नाहीत, अशा सामान्य माणसानं काय करायचं? त्याच्यासाठी अफवा आहे. 10 रुपयांच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं. तरीही कुणीतरी कुठंतरी वरच्या रेघा मोजल्या, 'दहा रेघांचं चालतं, पंधराचं नाही' असं कुजबुजला, आणि भाजीवालीपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी मान हलवली. एवढ्या थोड्या भांडवलात एवढं मोठं काम दुसऱ्या कशानं होत नाही. गल्लीतल्या एखाद्या सरळ बाईबद्दल, नव्या बदलून आलेल्या तलाठ्याबद्दल असंच काहीतरी हळू आवाजात म्हणून पाहा. रेघा मोजायला कुणी जात नाही.

एवढं सगळं मी अधिकारवाणीनं सांगतोय, त्याला कारण आहे. मी स्वतः पुरस्कारप्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी एक फोन आला, की माझी राज्यस्तरीय समाजरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क 2500 रुपये, त्यात जेवण. मी समाजासाठी नेमकं काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही चटकन सांगता आलं नसतं. हॉलमध्ये आम्ही 64 रत्नं होतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मानपत्रात माझ्याबद्दल सतरा विशेषणं होती, शेजारच्या दंतवैद्यांच्या मानपत्रातही तीच सतरा होती, फक्त माझ्यात 'निर्भीड' दोनदा पडलं होतं. नारळ तेवढा अस्सल निघाला. बायकोनं त्याच्या वड्या केल्या. शाल पुढच्या महिन्यात एका निरोप समारंभात कामाला आली.

सन्मानचिन्ह मात्र शोकेसमध्ये राहिलं. गेल्या दिवाळीत आवराआवर करताना हिनं ते भंगारवाल्यापुढं ठेवलं. त्यानं हातात घेतलं, नखानं कोपरा खरवडला, फरशीवर एकदा टक् करून वाजवलं. सराफसुद्धा याहून वेगळं काय करत असणार?

"पितळ आहे ना?" मी विचारलं.

"कुठलं पितळ काका, पत्रा आहे. वर नुसता रंग." त्यानं उलटं करून पाहिलं. "ही नावाची पट्टी ॲल्युमिनियमची आहे, तिचा भाव वेगळा लावतो."

पट्टी उचकटली. रद्दी, डबे, सन्मानचिन्ह आणि पट्टी मिळून 90 रुपये झाले. त्यानं शंभराची नोट पुढं केली आणि दहा परत मागितले. मी खिशातून 10 रुपयांचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते उजेडात धरलं, वळवून पाहिलं आणि परत दिलं.

"काका, नोट असेल तर बघा. हे इकडं चालत नाही."