रद्दीतून वाचलेला अंजन

आमच्या बॉटनीच्या सरांच्या चित्रांच्या वह्या रद्दीत गेल्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लॅबला रंग द्यायचा होता, कपाट रिकामं करायचं होतं, बस. शिपाईदादांनी दोन-चार कागद बाजूला काढून ठेवले, त्यातला एक माझ्याकडे आला.

अंजनाच्या झाडाचा. सातपुड्यातल्या यावलच्या जंगलात काढलेला, आधी पेन्सिल, वर काळी शाई. अंजनाचं पान लांबून आपट्यासारखं दिसतं. फर्स्ट इयरला आम्ही सगळे तिथेच फसलो होतो, आणि गुरं चारणारा पोरगा हसला होता, "सर, हाऊ आपटा नही, अंजन शे." आपट्याचं पान एकच, मधे चिरलेलं. अंजनाच्या मात्र दोन वेगळ्या पर्णिका, देठाच्या टोकाला जोडीने बसलेल्या, आणि दोघींच्या मधे केसासारखं बारीक टोक. सरांनी ते टोक शेजारी मोठं करून काढलंय. शेंग चपटी, पट्टीसारखी, बी एकच, तेही पार टोकाला.

मोबाईलच्या फोटोत ऊन येतं, धूळ येते, मागची बाभूळ येते. ते टोक येईलच असं नाही. चित्र काढणाऱ्याला आधी ते बघावं लागतं. हर्बेरियमच्या वाळक्या नमुन्यात तर रंग उडतो, फूल चेपतं.

अंजनाचं हार्डविकिया बायनाटा हे शास्त्रीय नाव विल्यम रॉक्सबर्गने दिलेलं. १७९३ पासून तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. भारतीय चित्रकारांकडून त्याने २५०० च्या वर चित्रं काढून घेतली. एक संच कोलकात्यात, एक लंडनच्या क्यू उद्यानात, आजही जपलेले. (चित्रकारांची नावं बहुतेक हरवली, हे आलंच.)

आणि आपण? वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांमधली बाडं वाळवीच्या तोंडातून सोडवली. १९२६ साली ते धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही धुळ्यात आहे. जुन्या कागदाची किंमत खान्देशाला कोणी शिकवायला नको. पण मोडी लिपीतला कागद म्हणजे इतिहास आणि पानाफुलांचं चित्र म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल, ही आपली समजूत काही जात नाही. माझं म्हणणं एवढंच, जिल्ह्याच्या संग्रहालयात मूर्ती-नाण्यांशेजारी सातपुड्याच्या झाडांच्या चित्रांसाठी एक कपाट हवं. कसर लागणार नाही असं.

कोणाकडे सरांचे आणखी कागद असतील तर सांगा. माझ्याकडच्या पानावर फुलाची जागा कोरी आहे. खाली पेन्सिलीने लिहिलंय: 'फुलं मिळाली नाहीत. ऑगस्टमध्ये परत येणे.'